पहिली ते पाचवीच्या मुलांना चारचौघांत बोलायला कसं शिकवावं

जुलै लागला की बडोद्यातल्या मराठी घरांत एकच शोधाशोध सुरू होते: "भाषण मिळेल का एखादं?" १ ऑगस्टला टिळक पुण्यतिथी, मग १५ ऑगस्ट, मग गणपतीत मंडळाची वक्तृत्व स्पर्धा. आई मोबाइलवर शोधते, बाबा दीड पान छापून आणतात आणि तिसरीतलं पोर ते पंधरा दिवस घोकतं. स्पर्धेत "आदरणीय व्यासपीठ, वंदनीय गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो" अशी सुरुवात होते आणि "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो, जय हिंद, जय महाराष्ट्र" म्हणून पोर उतरतं. उभे असतो दांडिया बाजारात, म्हणजे चांगले गुजरातेत, पण कुणाला खटकत नाही, कारण शब्दांकडे कुणाचं लक्षच नसतं. बोलणाऱ्याचंही नसतं.

"तुझं मराठी बरं आहे, मुलांचं तू बघ" असं म्हणून मंडळाने किंवा शाळेने ज्यांच्या गळ्यात हे काम नुकतंच घातलंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी रविवारी सकाळी अशी मुलं घेते. माझा आग्रह एकच: लहान मुलाला भाषण लिहून द्यायचं नाही. त्याला जे माहीत आहे, ते समोरच्याला कळेल असं सांगता आलं की झालं. बाकीचं सगळं यातूनच निघतं.

सुरुवात करण्याआधी

एका वेळी दहा-बारा मुलं पुरेत. पाऊण तासात प्रत्येकाची दोनदा पाळी आली पाहिजे. वीस मुलं घेतलीत तर अर्धी नुसती चुळबुळत बसतील. जमल्यास पहिली-दुसरीचा गट वेगळा ठेवा. त्यांच्यासाठी अर्धा मिनिट खूप, एक मिनिट म्हणजे डोक्यावरून पाणी. तिसरी ते पाचवीची मुलं दोन मिनिटं नीट बोलू शकतात. सावकाश बोललं तर दोन मिनिटांत दोनशेच्या आसपास शब्द मावतात. घरून चारशे शब्दांचा कागद आला असेल तर ते मूल पळतच बोलणार, त्यात त्याचा दोष नाही.

सतरंजीवर गोल करून बसवा. खुर्च्यांच्या रांगा लावल्या की लगेच परीक्षेचं वातावरण होतं.

आणि आई-बाबांना बाहेर बसवा. हे थोडं कठोर वाटेल, पण एकदा नीट निरखून बघा: मूल बोलत असतं तेव्हा समोर बसलेल्या आईचे ओठ हलत असतात. मूल मग कुणाशीच बोलत नाही, आईच्या ओठांवरून पुढचा शब्द उचलत राहतं.

पहिले दोन रविवार: नुसता आवाज

भाषणाचं नाव काढू नका. मुलांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या करा, मध्ये हातभर अंतर. प्रत्येकाने समोरच्या जोडीदाराला एक वाक्य सांगायचं, "आज सकाळी मी अमुक खाल्लं." मग दोन्ही रांगा एक पाऊल मागे. पुन्हा तेच. पुन्हा एक पाऊल. पाठी भिंतीला टेकेपर्यंत हॉलमध्ये सेव-उसळ आणि खाकऱ्याचा गजर चालतो आणि मुलांना हसू आवरत नाही. पण आवाज समोरच्यापर्यंत पोहोचवायचा असतो हे त्यांच्या अंगात मुरतं. "मोठ्याने बोल" म्हटलं की मुलं किंचाळतात, घशाच्या शिरा ताणतात. "त्या भिंतीजवळच्या जिग्नाला सांग" म्हटलं की आवाज आपोआप पोटातून येतो.

दुसरी गोष्ट वाक्याच्या शेपटीची. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, "नाही"ही शेवटी येतं, आणि मुलांचा श्वास नेमका तिथेच संपतो. "मला कारल्याची भाजी आवडत..." आणि पुढे फुस्स. आवडते की नाही? याचाच खेळ करा. एकाने खाण्याची पाच नावं घेऊन आवडतं-नावडतं सांगायचं, बाकीच्यांनी हात वर किंवा खाली करायचा. निम्म्यांचे हात वर आणि निम्म्यांचे खाली गेले की बोलणाऱ्याला काही समजावायची गरज राहत नाही. वाक्य सुरू करण्याआधी श्वास घ्यायचा, तो शेवटच्या अक्षरापर्यंत पुरवायचा. मोठ्या मंडळींच्या आभारप्रदर्शनातही मला हीच शेपूट गायब झालेली ऐकू येते, पण तो वेगळा विषय.

उच्चारांसाठी "चटईला टाचणी टोचली" आणि "काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले" ही जुनी वाक्यं पुरेशी आहेत. इकडच्या मुलांच्या दोन अडचणी ठरलेल्या. गुजराती माध्यमातली मुलं चमच्यातला च चंद्रासारखा म्हणतात, इंग्रजी माध्यमातल्यांचा ळ हळूहळू ल होत जातो. खेळाच्या वेळी दुरुस्त करा. मूल काही सांगत असताना मध्येच "शाला नाही, शाळा" म्हणून अडवलंत तर त्या दिवसापुरतं त्याचं सांगणं संपलं म्हणून समजा.

आजीने शिकवलेले श्लोक, पाढे, "शुभं करोति" यांना नाकं मुरडू नका. जीभ वळायला आणि श्वास लांबवायला पाठांतरासारखा व्यायाम नाही. पाठ केलेला श्लोक म्हणणं हे रियाज आहे, पाठ केलेलं भाषण म्हणणं ही मात्र नक्कल होते.

तिसरा रविवार: घरून एक वस्तू आणा

खेळणं चालेल, डबा चालेल, आजोबांचा चष्मा चालेल. नियम एवढाच की वस्तू हातात धरून तिच्याबद्दल सांगायचं.

हातात काही असलं की हातांचं काय करायचं हा प्रश्न मिटतो. नजर वस्तूवर जाते, लोकांची भीती निम्म्याने उतरते. आणि मुख्य म्हणजे त्या वस्तूबद्दल त्याला समोरच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

चौथीतला एक मुलगा माझ्याकडे यायचा आणि नाव सांगण्यापलीकडे तोंड उघडायचा नाही. वस्तूच्या दिवशी त्याने फिरकी आणली, उत्तरायणातली, गुलाबी मांजा गुंडाळलेली. मी मुद्दाम ती चुकीची धरली आणि विचारलं, "अशीच ना?"

"असं नाय ताई! बोट अडकेल."

तो उठला, फिरकी माझ्या हातातून घेतली आणि दोन्ही तळव्यांत सैल धरून दाखवली. पतंगाला ढील देताना ती कशी मोकळी फिरू द्यायची, समोरच्याने पेच लावला की गुंडाळणाऱ्याने कुठे बघायचं, मांजा पायात का येऊ द्यायचा नाही. मागून एकाने विचारलं, "किन्ना तू बांधतोस का पप्पा?" "मी." मग किन्ना, म्हणजे पतंगाला मांजा जोडायची दोरी, कसा बांधायचा ते हवेतच बोटांनी बांधून दाखवलं. आपण सगळ्यांसमोर उभे आहोत हे त्याच्या गावीही नव्हतं. मी घड्याळ पाहिलंच नाही, पण दोन मिनिटांहून बरंच जास्त झालं होतं.

"कसं करायचं ते दाखव" हा लहान मुलांसाठी सगळ्यात सोपा आणि सगळ्यात उपयोगी प्रकार आहे. सायकलची चेन कशी बसवायची, भाकरीचं पीठ कसं मळायचं, गरब्यात दोन ताळी आणि तीन ताळीत फरक काय. कामाला मुळातच क्रम असतो, त्यामुळे "आधी काय, मग काय" हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आणि हो, त्याने "किन्ना" म्हटलं, "कणी" म्हटलं नाही. चालू द्या. आपली मुलं घरी मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी आणि कार्टूनमध्ये हिंदी घेऊन वाढतात. अडलेला शब्द ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत बोलून पुढे जायचं हे पहिल्या दिवशीच सांगून टाका. मराठी शब्द नंतर, वर्ग सुटताना, सहज सांगा. पुढच्या रविवारी तो आपसूक वापरला जातो.

चौथा आणि पाचवा रविवार: पाच बोटांवर भाषण

आता विषयाकडे यायचं, पण कागद अजूनही नको. मुद्दे हाताच्या बोटांवर बसवायचे.

अंगठा: मी कोण आणि कशाबद्दल सांगणार. तर्जनी: कुठे, केव्हा, कोण कोण होतं. मधलं बोट सगळ्यात लांब, म्हणून तिथे सगळ्यात जास्त बोलायचं: काय घडलं. अनामिकेवर त्यातून मला काय कळलं किंवा काय वाटलं. करंगळीवर शेवटचं वाक्य, आणि ते मात्र शब्दशः पाठ. पूर्ण भाषणात पाठ करायचं वाक्य हे एकच.

तिसरीतल्या एका मुलीचा विषय मगर होता. बाबांनी लिहून दिलेला कागद असा सुरू होत होता: "मगर हा सरपटणाऱ्या वर्गातील मांसाहारी प्राणी असून..." मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "तू पाहिलीस का मगर?" प्रश्नच वेडगळ होता. विश्वामित्री शहराच्या मधून वाहते, थंडीत मगरी काठावर ऊन खात पडलेल्या असतात, पुलावर गाड्या थांबवून माणसं वाकून बघतात. २०२४च्या ऑगस्टमधल्या पुरात तर त्या रस्त्यांवर आणि सोसायट्यांमध्ये आल्या होत्या. बडोद्याच्या मुलाने मगरीची माहिती छापील कागदावरून वाचावी?

बोटांवर बसवल्यावर तिचं भाषण साधारण असं झालं:

"मी तिसरीत आहे. मी तुम्हाला आमच्या पुलावरून दिसणारी मगर सांगणार आहे. आम्ही आजीकडे चाललो होतो. पुलावर खूप गर्दी होती, म्हणून बाबांनी स्कूटर थांबवली. खाली मगर होती. ती हलतच नव्हती. मला वाटलं प्लास्टिकची आहे. मग तिच्याजवळ एक बगळा आला. ती तरी हलली नाही. मग तिने तोंड उघडलं, एवढं! बगळा उडाला आणि मी बाबांच्या मागे लपले. बाबा म्हणाले, मगरीचं शरीर स्वतःहून गरम राहत नाही, म्हणून ती उन्हात पडते. आता पूल आला की मी आधी बगळा शोधते."

एक मिनिटही लागलं नाही. शास्त्रीय माहिती त्यात आली आहे, पण एकच, आणि डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला चिकटून आली. "एवढं!" म्हणताना तिचे हात आपोआप फाकले. हावभाव वेगळे शिकवायला गेलात की मुलं "सूर्य" म्हणताना बोट वर आणि "हृदय" म्हणताना हात छातीवर ठेवायला लागतात. ते कृपा करून शिकवू नका.

थोर पुरुषांचे विषय येणारच, तिथेही हीच रीत. सयाजीराव महाराजांवरचं प्रत्येक भाषण "११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे" असं सुरू होतं आणि पुढे सनावळ्यांची आगगाडी. त्याऐवजी मधल्या बोटावर प्रसंग ठेवा. १८७५ साल, गादीला वारस हवा म्हणून गावाकडची मुलं बडोद्याला आणली आहेत. त्यातल्या बारा वर्षांच्या गोपाळला, म्हणजे पुढच्या सयाजीरावांना, विचारतात, "तू इथे कशाला आलास?" तो म्हणतो, "राज्य करायला आलोय." निदान गोष्ट तरी अशी सांगतात. आता मुलाला विचारा: तू असतास तर काय म्हणाला असतास? तुझ्या शेजारी कोण उभं असतं? हे बोलून झालं की मग सांगा की त्या मुलाला तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि पुढे त्यानेच १८९३मध्ये अमरेली भागात आणि १९०६मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. चौथीतल्या मुलाला यातला सांधा बरोबर सापडतो, आणि तो आपल्या शब्दांत सांगतो. साल चुकलं तरी गोष्ट चुकत नाही.

टिळकांच्या शेंगांच्या टरफलांचंही तसंच. तुझ्यावर कधी न केलेल्या गोष्टीचा आळ आलाय का, एवढंच विचारून बघा. वर्गात एकदम दहा हात वर होतात.

ऐकणाऱ्यांचा वर्ग

हा भाग नवीन शिकवणारे हटकून सोडतात, आणि निम्मं यश यात आहे. एक मूल बोलताना बाकीची अकरा काय करतात? आपली पाळी कधी येणार याची काळजी करतात किंवा शेजारच्याला कोपर मारतात. त्यांना काम द्या. बोलणं संपलं की दोघांनी "मला अमुक दिसलं" असं सांगायचं. "छान होतं", "आवडलं" यांना बंदी. "मला बगळा दिसला." "मला तिचे बाबा स्कूटर थांबवताना दिसले." बोलणाऱ्याला यातून कळतं की काय पोहोचलं. एकाने एक प्रश्नही विचारायचा, आणि उत्तर येत नसेल तर "माहीत नाही, बघून सांगते" हे उत्तर चालतं.

तुम्ही सांगायची सुधारणा एका वेळी एकच, तीही बोलून झाल्यावर आणि हळू आवाजात. "पुढच्या वेळी शेवटचं वाक्य झालं की थांब, मग नमस्कार कर, मग जा." बहुतेक मुलांना पहिली सुधारणा हीच लागते, कारण शेवट आला की ती बोलता बोलताच पळत सुटतात.

नजरेबद्दल एवढंच: "लोकांच्या डोळ्यांत बघ" म्हणू नका, लहान मूल त्याने आणखी घाबरतं. सभागृहाच्या तीन बाजूंना त्याची तीन ओळखीची माणसं बसवा आणि एक वाक्य याला, एक त्याला असं सांगायला लावा.

भीती

"पोटात दुखतंय" हे खरं असतं, बहाणा नसतो. पाणी द्या, बाथरूमला जाऊन येऊ द्या, पहिला नंबर त्याचा लावू नका आणि शेवटचाही नको. शेवटपर्यंत वाट बघण्याने भीती वाढते. तरी जमत नसेल तर मित्राला बरोबर उभं करा, दोघांनी मिळून सांगू दे. बसून सांगितलं तरी चालेल. ढकलून व्यासपीठावर चढवलेलं मूल पुढची कित्येक वर्षं माइक बघून पळतं.

तोतरं किंवा अडखळत बोलणारं मूल असेल तर त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, "सावकाश बोल" असंही सांगू नका. तुम्ही स्वतः सावकाश बोला आणि थांबा. सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना अशी मुलं बहुधा कमी अडखळतात, म्हणून समूहाने म्हणायच्या गोष्टी त्याच्यासाठी अधूनमधून ठेवा आणि घरच्यांना वाचा-उपचार तज्ज्ञांकडे जायला सुचवा. घरी भरभरून बोलणारं मूल शाळेत महिनोन्महिने एक शब्दही काढत नसेल तर त्याला लाजाळू म्हणून सोडून देऊ नका. तिथे बालरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशक लागतो, वक्तृत्वाचा वर्ग नाही.

सहावा रविवार: माइक

स्पर्धेच्या आधी एकदा तरी खरा माइक हातात द्या. तोंडापासून चार बोटं लांब, हनुवटीच्या जरा खाली, आणि मान वळली तर माइकही वळला पाहिजे. त्यावर टकटक नको, फुंकर नको. स्टँडचा माइक असेल तर त्याची उंची आधीच लहान मुलाच्या मापाने लावून घ्या. टाचा उंचावून बोलणाऱ्या मुलाचा श्वास वरवर राहतो. माइकचं तोंड स्पीकरच्या खोक्याकडे झालं की तो शिट्टी मारतो, हे मुलांना मुद्दाम एकदा ऐकवा. मग स्पर्धेत शिट्टी वाजली तर कुणी दचकत नाही. स्वतःचा आवाज मोठा होऊन परत आला की काही मुलं बोलायचीच थांबतात, तेही याच दिवशी निपटून जातं.

स्पर्धेचा दिवस

संयोजक तुम्हीच असाल तर पहिली-दुसरीला क्रमांक ठेवू नका, सगळ्यांना सारखंच पुस्तक द्या. त्यांना वेळेची घंटाही नको. परीक्षकांना आधी सांगून ठेवा की विसरून पुन्हा सुरू केलेल्या मुलाचे गुण कापायचे नाहीत. विसरलं तर काय करायचं हे मुलांना ठाऊक असतं: बोट दाबायचं आणि पुढच्या बोटावर जायचं.

पालकांना एकच विनंती करते. मूल खाली उतरलं की "अरे, ते मधलं वाक्य राहिलं" हे पहिलं वाक्य नको. पाणी द्या.

स्पर्धेनंतरचा रविवार बुडवू नका. ज्यांचा नंबर आला नाही त्यांतली काही मुलं त्या दिवशी येत नाहीत. त्यांच्या घरी शनिवारीच फोन करा. मी तो वर्ग हॉलमध्ये घेत नाही. मुलांना घेऊन सयाजीबागेतल्या संग्रहालयात जाते. १८९४ सालचं संग्रहालय, आत देवमाशाचा भलामोठा सांगाडा आहे आणि इजिप्तची ममी आहे. प्रत्येकाने एक वस्तू निवडायची, तिच्यासमोर गुपचूप उभं राहायचं, मग बाहेर झाडाखाली येऊन जे त्या दालनात गेले नाहीत त्यांना ती सांगायची. निघण्याआधी सुटीचा वार आणि तिकिटाची वेळ विचारून घ्या, आणि ममीपाशी सगळी एकदम थांबतात म्हणून बरोबर आणखी दोन मोठी माणसं असू द्या.